शाफ्टच्या गाडीचं मागचं चाक आणि आत दडलेले दात

शाफ्ट ड्राइव्हची, म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक चालवणारी मोटरसायकल घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं: चेनची कटकट नाही. खरंच नाही. चेन ताणायची नाही, तिला तेल पाजायचं नाही, स्प्रॉकेट बदलायचं नाही, रिमवर काळे शिंतोडे नाहीत. बीएमडब्ल्यूने १९२३ साली आर ३२ आणली तेव्हापासून शाफ्टचा हा लौकिक आहे, आणि १९७५ च्या होंडा गोल्डविंगनंतर लांब पल्ल्याच्या जड गाड्यांमध्ये शाफ्ट अगदी रुळून गेला. पण या लौकिकामुळेच एक दुर्लक्ष होतं. शाफ्ट बंद नळीत फिरतो, त्याच्या टोकाशी ताकद चाकाकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी, म्हणजे क्राउन-पिनियन, तेलात बुडालेली असते, बाहेरून काहीच दिसत नाही. मग सगळं आपलं आपण चालतंय असं धरून माणूस वर्षानुवर्षं गाडी चालवतो. चाक आणि फायनल ड्राइव्ह, म्हणजे क्राउन-पिनियनची पेटी, जिथे एकमेकांत अडकतात ती दातांची जोडी, म्हणजे स्प्लाइन, बहुतेक गाड्यांत त्या तेलात नसते. तिला वंगण हातानेच लावावं लागतं, आणि ते मागचं चाक उतरवल्याशिवाय जमत नाही.

माझी गाडी जपानी, वजनाने भारी आणि माझ्याकडे येण्याआधी दुसऱ्याच्या हातात बरीच फिरलेली. तिच्याबरोबर आलेल्या कागदांत इंजिन ऑइल, प्लग, ब्रेक पॅड, टायर यांच्या नोंदी व्यवस्थित होत्या. स्प्लाइनचा उल्लेख कुठेही नव्हता. टायर बदलला गेला होता, म्हणजे चाक निघालं होतं हे नक्की; पण चाक काढणाऱ्याने आत नजर टाकली की नाही, हे कागद सांगत नव्हता. त्यामुळे मागचा टायर मधोमध सपाट होऊन झिजेच्या खुणेपर्यंत आला, तेव्हा गाडी टायरवाल्याकडे न नेता चाक स्वतः उतरवायचं आणि फक्त चाकच त्याच्याकडे न्यायचं असं ठरवलं. मधल्या वेळात आतलं सगळं निवांत बघता येणार होतं.

पुढचं नीट कळावं म्हणून आधी रचना सांगतो. मागच्या चाकाच्या हबमध्ये एका बाजूला रबरी डँपर बसवलेले असतात. त्यांच्या भोकांत जाड पिना असलेली एक चकती बसते. तिला ड्रिव्हन फ्लँज म्हणतात. फ्लँजच्या दुसऱ्या अंगाला आखूड नळीसारखा भाग असतो आणि त्याच्या बाहेरून गोलाकार दात कोरलेले असतात. फायनल ड्राइव्हच्या क्राउनच्या पोटात तसेच दात, पण आतल्या बाजूने. चाक बसवताना बाहेरचे दात आतल्या दातांत सरकतात आणि इंजिनची सगळी ताकद या एवढ्याशा दातांमधून चाकापर्यंत पोचते. सगळ्याच गाड्यांत हे असं नसतं. बीएमडब्ल्यूच्या जुन्या, मागे दोन शॉक ॲब्सॉर्बर असलेल्या बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरच्या) गाड्यांत चाक स्प्लाइनवर बसायचं. १९८० च्या आर ८० जी/एसमध्ये एकाच बाजूचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारी भुजा) आला आणि चाक थेट फायनल ड्राइव्हला बोल्टने आवळलं जाऊ लागलं. तिथे चाकाची स्प्लाइन नाही, पण शाफ्टच्या टोकांच्या स्प्लाइन उरतातच. आपल्या गाडीत दात कुठे कुठे आहेत हे सर्व्हिस मॅन्युअलमधल्या चित्रात आधी बघून घ्यावं.

आता कोणालाही पडेल असा प्रश्न: फ्लँज आणि क्राउन दोन्ही एकत्रच फिरतात, मग घासतं काय? मलाही हे बराच काळ नीट उमगलं नव्हतं. गोम अशी की दोन्ही अक्ष कधीच तंतोतंत एका रेषेत नसतात. केसाएवढा फरक राहतोच, शिवाय फ्लँज रबरात बसलेला असल्यामुळे ताण आला की किंचित कलतो. त्यामुळे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक दात समोरच्या दातावर अगदी थोडासा पुढे-मागे सरकतो, आणि तोही पूर्ण दाबाखाली. मागच्या टायरचा घेर सुमारे दोन मीटर धरला तर एका किलोमीटरला चाकाचे पाचशेच्या आसपास फेरे होतात. हजार किलोमीटरला पाच लाख. हालचाल मिलिमीटरच्या छोट्या अंशाएवढी असली तरी इतक्या वेळा झाली की पोलाद झिजतं.

ही झीज साध्या घासण्यासारखी नसते. दाबाखाली कोरडे पृष्ठभाग सूक्ष्म अंतराने हलतात तेव्हा पोलादाचे बारीक कण सुटतात, हवेशी संयोग होऊन त्यांचा तांबडा ऑक्साइड बनतो, आणि ती भुकटी दातांच्या मध्येच अडकून राहते. हाच तांबडा लोहऑक्साइड काच आणि धातू चकचकीत करण्यासाठी पॉलिश म्हणून वापरतात. म्हणजे दातांच्या मध्ये पॉलिशची पूड भरलेली आणि वर इंजिनचा जोर. एकदा हे सुरू झालं की झीजच पुढची झीज ओढून आणते.

काम सुरू करताना गाडी जमिनीवर असतानाच ॲक्सलचा नट सैल केला. मधल्या स्टँडवर चढवलेल्या गाडीला लांब पान्याने हिसके देणं मला कधीच पटलेलं नाही. जड गाडी स्टँडवरून पुढे सरकली तर तिला आवरणारं कोणी नसतं. नट सुटल्यावर गाडी मधल्या स्टँडवर घेतली. स्टँडखाली आधीच एक फळी टाकली होती, कारण मडगार्डखालून चाक बाहेर यायला तेवढी जास्तीची उंची लागते. पुढचा ब्रेक दोरीने दाबून बांधला. मागच्या ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने सबफ्रेमला टांगला. कॅलिपर त्याच्या होजवर लोंबकळत ठेवायचा नाही. होज बाहेरून धड दिसतो आणि आतून दुखावतो. ॲक्सलला चिमटून धरणारा पिंच बोल्ट सैल केला, टायरखाली पातळ पाटी सरकवून चाकाचं वजन तिच्यावर घेतलं आणि ॲक्सल ओढून काढला. ॲक्सल सहज निघाला तर समजावं की चाक बरोबर उंचीवर तोललेलं आहे. अडत असेल तर हातोडा घेण्याआधी पाटी थोडी वर-खाली करून बघावी.

मग चाक फायनल ड्राइव्हपासून बाजूला ओढलं. दात दातांतून सुटताना एक चिकट, घट्ट प्रतिकार हाताला जाणवायला हवा: जुनं पण जिवंत वंगण सोडून देतं तसा. मला तो जाणवला नाही. चाक कोरडं खरखरत बाहेर आलं. तिथेच अंदाज आला होता.

बॅटरीच्या उजेडात जे दिसलं ते दोन थरांत होतं. तोंडाशी पिवळट ग्रीसची जाड कड, बोटाने फासावी तशी. ती बघून कोणीही म्हणालं असतं की ग्रीस तर आहे, चाक परत बसवा. ती कड चिंधीने पुसून आत पाहिलं तर दातांच्या बगला पूर्ण कोरड्या, आणि खाचांच्या तळाशी विटेच्या पुडीसारखी तांबूस-तपकिरी भुकटी दाबून बसलेली. कोणीतरी आधीच्या टायरच्या वेळी न पुसता वरच्यावर साधं ग्रीस फासलं होतं. दातांनी ते बाहेर लोटलं आणि आत काहीच उरलं नाही. म्हणून मी म्हणतो की या कामात पुसणं आधी आणि वंगण नंतर, नुसत्या क्रमाने नाही तर महत्त्वानेसुद्धा. भुकटीवर नवं वंगण लावलं तर ती त्यात मिसळते आणि घासायचा लेप तयार होतो.

पुसायला बराच वेळ दिला आणि तो द्यावाच लागतो. आधी फ्लँज हबमधून काढून घेतला. पिना डँपरच्या धातूच्या बुशांमध्ये गच्च बसल्या होत्या; फ्लँज दोन्ही हातांनी धरून समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने वर उचलत राहिलो तसा तो हळूहळू सुटला. काही गाड्यांत फ्लँज धरून ठेवणारी प्लेट असते, तिथे आधी तिचे बोल्ट काढावे लागतात. फ्लँज आणि हब यांच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह टाळला, कारण ओ-रिंग बसते ती जागा गुळगुळीत राहायला हवी. तिथे ओरखडा पडला की पाणी आत जायला वाट मिळते.

सुटा झालेला फ्लँज उथळ थाळीत रॉकेलमध्ये ठेवला आणि जुन्या टूथब्रशने एकेक खाच घासली. खाचेच्या कोपऱ्यात बसलेली भुकटी ब्रशने हलत नाही. त्यासाठी बांबूची काडी तासून तिचं टोक खाचेच्या मापाचं करून घेतलं. पोलादी सुई वापरली नाही. लाकडाने मळ निघतो आणि धातूला काही होत नाही. रॉकेल तांबडं झालं की बदललं. पुन्हा पुन्हा बदलल्यावर शेवटी ते स्वच्छ राहिलं. मग ब्रेक क्लीनरचा फवारा मारून फ्लँज कोरडा केला आणि पांढऱ्या कापडावर दात घासून पाहिले. कापडावर तांबडा डाग उमटेना, तेव्हाच पुढे गेलो.

क्राउनकडच्या आतल्या दातांना हा सगळा थाटमाट करता येत नाही. त्यांच्या मागे ऑइल सील असतं आणि त्यापलीकडे गिअर ऑइल. तिथे रॉकेल ओतलं किंवा कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत मारला तर मळ सीलच्या ओठाखाली जाऊन बसतो. म्हणून कापडाची पट्टी रॉकेलमध्ये भिजवून घट्ट पिळली, काडीला गुंडाळली आणि प्रत्येक खाच आतून बाहेर पुसत आणली. दिशा महत्त्वाची, नेहमी बाहेर. हे करताना ओलसर तेल दिसतंय का आणि गंधकासारखा उग्र वास येतोय का, तेही पाहिलं. हायपॉइड गिअर ऑइलला तो वास असतो. स्प्लाइनमध्ये तो आला तर सील गळतंय असं समजावं. माझ्याकडे कोरडं होतं.

एक काळजी ज्यांच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहे त्यांच्यासाठी. चाक उघडल्यावर ब्रेकची धूळ फुंकर मारून किंवा हवेने उडवू नका. जुन्या शूजमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि ते फडकं फेकून द्या.

दात स्वच्छ झाल्यावर खरी पाहणी. मळ असताना सगळे दात सारखेच जाड दिसतात. स्वच्छ झाल्यावर लगेच लक्षात आलं की प्रत्येक दाताची एकच बगल जास्त चकाकते आहे. ती ओढीची बाजू, म्हणजे गाडी वेग घेताना जिच्यावर जोर येतो ती. दुसरी बगल इंजिन ब्रेकिंगच्या वेळी काम करते, तिच्यावर झीज कमी होती. हे साहजिक आहे. बघायचं असतं ते दाताच्या माथ्यावर: तिथे सपाट पट्टी शिल्लक आहे का? चांगल्या दाताला वर सपाट माथा असतो. झीज वाढते तशी ती पट्टी अरुंद होत जाते, मग दात टोकदार होतो, पुढे एका बाजूला आकड्यासारखा वाकडा होतो, आणि त्यानंतर एके दिवशी इंजिन गरजतं, गिअर पडलेला असतो, पण गाडी जागची हलत नाही.

झीज किती झाली हे मोजायची एक जागा फ्लँजवरच मिळाली. दातांच्या मुळाशी, नळी जिथे चकतीला मिळते तिथे, दाताची बारीक पट्टी अशी असते की क्राउनचे दात तिथपर्यंत पोचतच नाहीत. ती कारखान्यातून आली तशीच असते. नखाने दाताच्या बगलेवरून बाहेरून आत सरकत गेलो तर त्या सीमेवर नख अडकलं: पायरी. व्हर्नियर कॅलिपरने पायरीच्या पलीकडची आणि अलीकडची जाडी मोजली आणि फरक ०.२ मिलिमीटरच्या आसपास निघाला. माथ्याची पट्टी सगळ्या दातांवर स्पष्ट शिल्लक होती, सगळीकडे सारख्याच रुंदीची. आकार बिघडलेला नव्हता. क्राउनच्या आतल्या दातांत पायरी हाताला लागली नाही. हे बघून खूप हायसं वाटलं, कारण फ्लँज हा सुटा, बदलता येणारा भाग आहे. क्राउनचे दात गेले तर फायनल ड्राइव्ह उघडून सगळी जोडी बदलावी लागते, क्राउन आणि पिनियनचा मेळ शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, पुन्हा जुळवावा लागतो. आणि झिजलेल्या क्राउनमध्ये नवा फ्लँज घातला तर तो नवाही लवकर जातो. मी जुनाच फ्लँज ठेवायचं ठरवलं, मोजमाप वहीत लिहिलं आणि पुढच्या टायरला पुन्हा मोजायचं असं ठरवलं.

पुष्कळजण थ्रॉटल सोडता-धरताना येणाऱ्या ‘टक्’ आवाजावरून स्प्लाइनचा निवाडा करतात. त्या आवाजावर भिस्त ठेवू नये. गिअरबॉक्समधला, क्राउन-पिनियनमधला, युनिव्हर्सल जॉइंटमधला आणि डँपरमधला सैलपणा तिथे एकत्र ऐकू येतो. झिजलेले दात चांगल्या रबरामुळे गप्प राहू शकतात आणि चांगले दात असूनही गाडी खडखडू शकते. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही.

डँपरचं रबर मात्र रॉकेलपासून दूर ठेवलं. पेट्रोलियमने रबर फुगतं आणि मऊ पडतं. साबणाच्या पाण्याने धुतलं, सावलीत वाळवलं, तडे आहेत का पाहिलं. फ्लँज परत घालून हाताने दोन्ही दिशांना फिरवून पाहिला. रबर दबतं तेवढंच हलायला हवं, मोकळा प्ले नको. चाकाच्या बेअरिंगच्या आतल्या कड्यात बोट घालून फिरवलं. खरखर नाही, अडकणं नाही. या दोन तपासण्यांना वेळ लागत नाही, आणि हे सगळं उघडं असताना करून घेतल्या नाहीत तर त्यासाठी पुन्हा चाक काढावं लागतं.

ओ-रिंगबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण माझ्या मते कोरडेपणाचं अर्धं मूळ तिथे होतं. फ्लँजवरची ओ-रिंग पाणी आणि धूळ बाहेर आणि वंगण आत ठेवते. माझ्या गाडीतली काढून तळहातावर ठेवली तर तिचा छेद गोल राहिलेलाच नव्हता, एका बाजूने सपाट झाला होता. बोटांनी दुमडली तर बारीक भेगा उघडल्या. अशी रिंग दाबच देत नाही, मग अडवणार काय. पावसात किंवा गाडी धुताना गेलेलं पाणी तिथे साचतं आणि गंजाला निमित्त मिळतं. सगळ्या ओ-रिंग नव्या घातल्या. मापाच्या, त्याच जाडीच्या. जवळपासच्या मापाची चालेल असं इथे करू नये: जाड रिंग फ्लँजला पूर्ण बसू देत नाही आणि पातळ रिंग असून नसल्यासारखी. बसवताना रिंगला वंगणाचा हलका हात लावला, म्हणजे ती कडेवर चिमटत नाही.

आता वंगण. साधं लिथियमचं ग्रीस बेअरिंगसाठी उत्तम आहे, कारण तिथे भाग फिरतात आणि फिरण्यानेच तेलाचा पापुद्रा तयार होत राहतो. स्प्लाइनमध्ये तसं फिरणं नाही. दात एकमेकांवर दाबलेले, हालचाल नखभरही नाही; तेल पिळून बाहेर जातं आणि परत यायला कारण नसतं. तिथे धातू आणि धातू यांच्या मध्ये टिकून राहील असा घन पदार्थ लागतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा तसा पदार्थ आहे. त्याची रचना पापुद्र्यांची: मॉलिब्डेनमचा थर दोन गंधकाच्या थरांमध्ये, आणि अशा दोन पापुद्र्यांमधली पकड अगदी दुबळी. त्यामुळे वरून कितीही दाब आला तरी पापुद्रे एकमेकांवरून सरकतात, आणि त्यातलं तेल निघून गेलं तरी ते दातांवर चिकटून राहतात.

इथे डबा वाचून घ्यावा लागतो. ‘मॉली ग्रीस’ म्हणून जे सर्रास मिळतं त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड ३ टक्क्यांच्या आसपास असतं. बाकी नेहमीचं ग्रीसच. होंडाची सर्व्हिस मॅन्युअल्स या जागेसाठी ४० टक्क्यांहून जास्त मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेली पेस्ट मागतात. दोन्हींचा रंग काळा-करडा, दोन्हींवर मॉली लिहिलेलं, पण काम वेगळं. मी पेस्ट वापरली. ती घट्ट, जड, आणि हाताला लागली की साबणाला दाद देत नाही, म्हणून हातमोजे घालूनच डबा उघडावा.

लावायची पद्धत साधी: ताठ केसांचा छोटा ब्रश, आणि प्रत्येक दाताच्या दोन्ही बगला. खाच भरायची नाही. लावून झाल्यावर दाताचा आकार पेस्टखालून स्पष्ट दिसायला हवा. बाहेरच्या दातांना लावली तशीच आतल्या दातांना, मग फ्लँजच्या पिनांना आणि बुशांच्या आत पातळ हात. जास्त लावल्याने जास्त टिकतं हा समज या जागी नुकसानच करतो. जास्तीचं वंगण आत कोंडलं जातं, चाक पूर्ण बसू देत नाही, किंवा बाहेर फेकलं जाऊन डिस्क आणि टायरवर उडतं. दातांच्या आसपास हवा किंवा तेल जाण्याचं बारीक भोक असेल तर ते मोकळंच राहिलं पाहिजे.

चाक नव्या टायरसह परत आलं. बसवताना गाडी गिअरमध्ये टाकली, म्हणजे क्राउन जागेवर धरून राहतो आणि चाक किंचित डावं-उजवं फिरवलं की दात आपोआप जुळतात. या वेळी ते सरकत गेले आणि शेवटी ओ-रिंगचा मऊ अडसर लागून बसले. ठोकायचं नाही, पायाने रेटायचं नाही. जात नसेल तर दात समोरासमोर आहेत किंवा चाक वाकडं धरलंय. ॲक्सल पुसून त्याला ग्रीसचा पातळ हात लावला आणि आत घातला. स्पेसर काढण्याआधी फोनने फोटो काढून ठेवले होते, त्यामुळे कोणता कुठला हा प्रश्न आला नाही.

आणि आता ती गोष्ट जी मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटते. माझ्या गाडीत फायनल ड्राइव्हची पेटी स्विंगआर्मला नटांनी आवळलेली असते. ते नट आधीपासून घट्ट असताना ॲक्सल आवळला तर पेटी जिथे होती तिथेच राहते, आणि चाकाला तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. रेषेतला फरक दातांवर जातो. म्हणून ते नट आधी थोडे सैल केले, चाक बसवलं, ॲक्सल टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळला, मग फायनल ड्राइव्हचे नट एकाआड एक करत आवळले आणि शेवटी पिंच बोल्ट. पेटी ॲक्सलच्या आधाराने स्वतःची जागा शोधते आणि मग तिथे बांधली जाते. महागड्यातली महागडी पेस्ट लावली तरी दोन्ही अक्ष एका रेषेत नसतील तर दात झिजणारच. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आवळण्याचा जो क्रम दिला असेल तोच पाळावा. तो क्रम उगाच छापलेला नसतो.

कॅलिपर बसवल्यावर ब्रेकचा पेडल घट्ट होईपर्यंत दाबला. पॅड मागे सरकवलेले असतात, आणि हे विसरून गाडी रस्त्यावर नेली तर पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही. न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवून पाहिलं. शाफ्टच्या गाडीत थोडं जड फिरतं, पण एकसारखं फिरायला हवं. गिअर ऑइलही त्याच बैठकीत बदललं. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर बारीक करडा लेप होता, तो चालतो. चिपाट्या किंवा दाताचा तुकडा दिसला असता तर प्रकरण वेगळं होतं.

चालवताना फरक जाणवला का, असं विचारलं तर खरं सांगायचं म्हणजे फारसा नाही. गिअरला पडताना जरा मऊ वाटली, पण त्यात नव्या टायरचाही हात असेल. या कामाचा निकाल चालवण्यात दिसत नाही, पुढच्या वेळी चाक उतरवल्यावर दिसतो.

तो नवा टायर झिजला तेव्हा चाक पुन्हा काढलं. या वेळी दात सुटताना हाताला तो चिकट प्रतिकार लागला. आत सगळं काळं आणि ओलसर, तांबडेपणा कुठेही नाही, ओ-रिंगचा छेद अजून गोल. तरीही पूर्ण पुसून काढलं, कारण जुन्या पेस्टखालची धातू पाहिल्याशिवाय मोजमापाला अर्थ नाही. व्हर्नियर त्याच दातांवर, त्याच दोन जागी लावला. आकडा वहीतल्या आकड्याशी जुळला. नव्या ओ-रिंग घातल्या, पेस्टचा तसाच पातळ हात दिला आणि फ्लँज तोच परत बसवला.